पुरुषांच्या पर्सनल ब्रँडिंग फोटोसाठी कपडे कसे निवडावेत: ठाण्यात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात माझ्याकडे पर्सनल ब्रँडिंगचे, म्हणजे स्वतःची आणि स्वतःच्या कामाची ओळख करून देणारे, फोटो काढून घ्यायला येणाऱ्या पुरुषांचा पहिला फोन बहुतेक वेळा कपड्यांबद्दलच असतो. क्लासचालक, निवेदक, फिजिओथेरपिस्ट, इस्टेट एजंट, ऐरोली-महापेच्या आयटी कंपनीतून बाहेर पडून स्वतःचं काम सुरू केलेले, सगळे एकच विचारतात: काय घालून येऊ? पुढची उत्तरं या फोनवरच्या बोलण्यातूनच जमली आहेत. ती देताना मी एक कसोटी लावतो. फोटो पाहून आलेला ग्राहक तुम्हाला प्रत्यक्ष भेटला, की त्याला फोटोतलाच माणूस भेटल्यासारखं वाटलं पाहिजे.

साधा हेडशॉट आणि ब्रँडिंगचे फोटो यांत कपड्यांच्या दृष्टीने काय फरक आहे?

हेडशॉट छातीपर्यंत असतो. लिंक्डइनवर आणि व्हॉट्सॲपवर तो गोलात कापला जातो, म्हणजे पट्टा, घड्याळ, खिशातला रुमाल यांतलं काहीच उरत नाही. चेहरा आणि गळा एवढंच दिसतं. त्यामुळे हेडशॉटसाठी सगळं लक्ष कॉलरकडे द्यावं.

ब्रँडिंगच्या सत्रात तुम्ही बसता, चालता, फळ्यासमोर उभे राहता, कोणाशी तरी बोलता. बसल्यावर पँट वर सरकते आणि मोजे दिसतात. हात टेबलावर आले की कफ दिसतो. वेबसाइटच्या आणि लिंक्डइनच्या वरच्या पट्टीसाठी आडवा फोटोही लागतो. लिंक्डइनची पट्टी १५८४ बाय ३९६ पिक्सेलची, म्हणजे उंचीच्या चौपट रुंद असते. तिच्यात तुम्ही एका कडेला असता, बाकी जागा मोकळी. अशा फोटोत कपड्यांचा आणि मागच्या भिंतीचा रंग एकमेकांशी जमतो की नाही, हे पहिल्या नजरेत कळतं.

किती जोड आणू?

दोन तासांसाठी तीन. एक औपचारिक, एक रोज कामावर घालता तो, आणि एक सुट्टीच्या दिवशी चार माणसांत जाताना घालाल असा. सहा-सात जोड आणले तर निम्मा वेळ बदलण्यात जातो. प्रत्येक बदलानंतर केस विस्कटतात, घाम येतो आणि चेहऱ्यावरचा मोकळेपणा परत आणायला वेळ लागतो. एकाच जॅकेटखाली दोन वेगळे शर्ट घातले तरी दोन वेगळे फोटो मिळतात, हे लक्षात ठेवा.

सुट्टीचा जोड बहुतेकांना वायफळ वाटतो. माझा आग्रह मात्र त्याच्यासाठीच असतो, कारण त्या कपड्यांत माणसाचे खांदे आपोआप खाली येतात.

या फोटोंसाठी नवीन कपडे घ्यायलाच हवेत का?

नाही. कपाटातला तीन-चार वर्षं वापरलेला, अंगाला बसलेला शर्ट नव्या कोऱ्या शर्टापेक्षा फोटोत चांगला दिसतो. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी अल्टरेशनवर करा. राम मारुती रोडवरून किंवा गोखले रोडवरून घेतलेला महागडा शर्ट जसाच्या तसा अंगावर चढवला तर तो दुकानातल्या पुतळ्याच्या मापाचा राहतो. तोच शर्ट गल्लीतल्या शिंप्याकडून बाजूंनी दाबून, बाह्या आखूड करून घेतला की तुमचा होतो. साध्या शर्टाचंही तसंच.

नवीन घेतलाच, तर एकदा धुवा. खोक्यातून काढलेल्या शर्टावर घडीच्या चौकोनी रेघा असतात. त्या नुसत्या इस्त्रीने पुरत्या जात नाहीत, आणि बाजूने येणाऱ्या प्रकाशात तर छातीवर सरळ उमटतात. फोटोच्या आधी तो एक दिवस ऑफिसला घालून जा. कुठे टोचतं, कुठलं बटण सुटतं, हात वर केला की किती वर येतो, हे तिथेच कळेल.

फिटिंग बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

आरशापेक्षा घरातल्या कोणाला तरी मोबाइलवर समोरून, बाजूने आणि पाठीमागून फोटो काढायला सांगा. मग क्रमाने बघा.

पहिल्यांदा खांदा. शर्टाची किंवा कोटाची खांद्यावरची शिवण हाडाच्या टोकाशी संपली पाहिजे. दंडावर उतरली असेल तर माणूस खचल्यासारखा दिसतो. कोटाचा खांदा दुरुस्त करणं खर्चिक आणि किचकट असतं, म्हणून खांद्यात न बसणारा कोट सरळ बाजूला ठेवा. बाकी सगळं शिंप्याच्या हातात आहे.

मग गळा. वरचं बटण लावल्यावर आत एक-दोन बोटं गेली पाहिजेत. तीन-चार जात असतील तर टायमुळे कॉलर गोळा होते. कोट घातल्यावर मानेमागे कोटाची कॉलर शर्टाला चिकटून बसते का, तेही पाहा. तिथे फट पडली की कोट उसना आणल्यासारखा वाटतो.

मग बाही. शर्टाचा कफ मनगटाच्या हाडापर्यंत, आणि कोटाच्या बाहीखालून तो सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर बाहेर. ही बारीकशी पट्टी हाताच्या प्रत्येक फोटोत दिसते.

शेवटी बटणपट्टी. बसल्यावर दोन बटणांमध्ये शर्ट उघडा पडत असेल तर तो बसलेल्या फोटोंसाठी वापरू नका. फक्त उभ्याच्या फोटोंसाठी ठेवा, किंवा वर जॅकेट घाला.

दोन बटणांच्या कोटाचं खालचं बटण कधीच लावायचं नसतं, आणि बसताना वरचंही सोडायचं. बसल्यावर कोट पाठीकडून वर चढतो आणि मान गायब होते. त्यावर उपाय सोपा आहे. बसण्याआधी कोटाचा मागचा भाग खाली ओढा आणि त्याच्यावर बसा.

कोणता रंग चांगला दिसतो? मी सावळा आहे, फिकटच घालू ना?

हा समज कोणी आणि कधी रुजवला माहीत नाही, पण त्याने कितीतरी पुरुषांना जन्मभर फिकट पिस्ता आणि फिकट गुलाबी रंगात अडकवून ठेवलं आहे. सावळ्या आणि काळ्या वर्णावर गडद, भरलेले रंग सुरेख उठतात: नेव्ही ब्लू, बाटलीसारखा हिरवा, मरून, मोहरी, विटकरी. मोतिया आणि ऑफ-व्हाइटही छान. ज्यात त्वचेचा आणि कापडाचा रंग जवळजवळ एकच होतो, ते टाळावेत. गहूवर्णी माणसाने खाकी-बिस्किटी शर्ट घातला की गळा कुठे संपला आणि शर्ट कुठे सुरू झाला ते कळत नाही. फिकट वर्णाच्या माणसालाही हाच नियम. त्याने फिकट पीच घातला की चेहरा धुऊन निघाल्यासारखा दिसतो.

दुसरी गोष्ट भौतिकशास्त्राची. कापडावर पडलेला प्रकाश परत फिरतो आणि हनुवटीखाली, गालाच्या खालच्या भागावर पडतो. शर्ट भडक लाल असेल तर तिथे लालसर छटा येते, पोपटी असेल तर हिरवट, आणि हिरवट छटेमुळे निरोगी माणूसही आजारी दिसतो. उन्हात हे जास्त जाणवतं. म्हणून निऑन आणि पोपटी रंग मी चेहऱ्याजवळ येऊ देत नाही. हवाच असेल तर मोजे, खुर्ची, मागची भिंत यांत येऊ दे.

आणि एक स्पष्टच सांगतो. "थोडं गोरं करून द्या" या विनंतीला माझ्याकडे नकार आहे. तुमचा रंग तुमच्या ओळखीचा भाग आहे. प्रकाश नीट लावला आणि कापड नीट निवडलं की तो ज्या तेजाने दिसतो, ते कुठल्याही एडिटिंगमध्ये येत नाही.

पांढरा शर्ट सगळ्यात सुरक्षित, बरोबर?

वाटतो तेवढा नाही. कॅमेऱ्याला पांढऱ्यातले बारकावे धरायला कष्ट पडतात. उन्हात शर्टाच्या घड्या, खिसा, शिवण सगळं एका पांढऱ्या डागात विरघळतं आणि नजर चेहरा सोडून छातीकडे जाते. पांढऱ्या भिंतीपुढे तर खांद्याची कडाच हरवते. गडद पार्श्वभूमीवर, किंवा वर नेव्ही अथवा राखाडी जॅकेट असेल तर पांढरा उत्तम.

नीळ जास्त झालेला शर्ट फोटोत निळसर दिसतो, आणि बरेच दिवस कपाटात पडलेला पिवळट. मोतिया रंग या दोन्ही भानगडींतून सोडवतो.

पांढऱ्या शर्टाखाली पांढरा सँडो बनियन घालू नका. त्याच्या पट्ट्यांचा आकार फ्लॅशमध्ये आरपार दिसतो. त्वचेच्या रंगाच्या जवळचा किंवा फिकट राखाडी, बाह्या असलेला, खोल गळ्याचा बनियन आतून दिसत नाही.

आणि काळा?

काळा प्रकाश गिळतो. चांगल्या प्रकाशात काळा बंदगळा देखणा दिसतो. साधा काळा शर्ट मात्र बहुतेक वेळा एक सपाट ठिपका होतो, आणि त्यावरचा प्रत्येक धागा, कोंडा, मांजराचा केस मोठा होऊन दिसतो. काळ्याच्या जागी नेव्ही किंवा कोळशासारखा राखाडी घ्या. तेवढेच भारदस्त दिसतात आणि कापडाचे बारकावेही फोटोत टिकतात.

बारीक चेक्सचा शर्ट माझा आवडता आहे. चालेल?

अगदी बारीक चेक्स, केसाएवढ्या रेघा आणि कोटांवर असतं तसं दातेरी बारीक विणकाम कॅमेऱ्याला त्रास देतं. सेन्सरवर पिक्सेलची जाळी असते आणि कापडावर रेघांची. दोन्ही जाळ्या जवळजवळ सारख्या बारीक झाल्या की फोटोत नसलेल्याच लाटा उमटतात, कधी रंगीतसुद्धा. याला मॉरे म्हणतात. मूळ फोटोत नसल्या तरी मोबाइलवर तोच फोटो लहान झाला की त्या उगवतात, आणि एडिटिंगमध्ये त्या पुरत्या काढणं जिकिरीचं असतं. व्हिडिओत तर त्या हलतातही. तुमचा एखादा रील त्याच दिवशी शूट करायचा असेल तर बारीक चेक्स घरीच ठेवा.

मोठे चेक्स, रुंद रेघा, हाताने विणलेल्या कापडाचा खडबडीत पोत, हे सगळं चालतं. पोत तर मला फार आवडतो. जाडसर खादी किंवा लिननवर बाजूने प्रकाश टाकला की एकरंगी कपडासुद्धा जिवंत होतो.

कोट घालायलाच हवा का?

तुम्ही कामावर कोट घालत असाल, किंवा ज्यांच्यासमोर जाणार आहात ते घालत असतील, तर घाला. कॉर्पोरेट ट्रेनर, विमा आणि गुंतवणूक सल्लागार, मोठ्या कंपन्यांना सेवा देणारे यांना तो शोभतो. घोडबंदर रोडवर स्वतःची बेकरी चालवणाऱ्याला किंवा मुलांना चित्रकला शिकवणाऱ्याला कोटात उभं केलं की दोघंही साक्षगंधाला आल्यासारखे दिसतात.

मधला मार्ग म्हणजे अस्तर नसलेलं सुती किंवा लिननचं ब्लेझर, आत एकरंगी टी-शर्ट किंवा उघड्या कॉलरचा शर्ट. ठाण्याच्या हवेत माणूस खरोखर घालू शकेल असं ते आहे.

लग्नातला सूट आहे. तोच आणतो.

कापड चमकणारं असेल, किंवा कॉलरच्या पुढच्या पट्ट्या सॅटिनच्या असतील, तर नको. फ्लॅशखाली सॅटिनवर पांढऱ्या रेघा उठतात आणि कपड्यावर समारंभाचा शिक्का बसतो. शिवाय लग्नानंतर वजन बदललेलं असतं. मॅट कापडाचा साधा सूट असेल तर शिंप्याकडून माप परत घ्या आणि जरूर आणा. भाड्याचा कोट शेवटचा पर्याय समजा, आणि घेतलात तर खांदा बसतो का ते दुकानातच तपासा.

कुर्ता, नेहरू जॅकेट, पैठणीचं जॅकेट घातलं तर व्यावसायिक दिसेल का?

दिसेल, जर तुम्ही ते एरवीही घालत असाल. निवेदक, कीर्तनकार, गायक, आयुर्वेदाचे वैद्य, योगशिक्षक, लेखक, सामाजिक कार्यकर्ते यांना कुर्ता सहज शोभतो. खादीचा किंवा जाड सुती कुर्ता घ्या. पातळ मलमलीचा फ्लॅशमध्ये पारदर्शक होतो. लांबी गुडघ्याच्या थोडी वर ठेवा, म्हणजे खुर्चीत बसल्यावर मांडीवर कापडाचा ढीग होत नाही. उभी कॉलर ताठ हवी. मऊ पडली असेल तर आत कॅनव्हास घालून देतात.

पैठणी, खण, हिमरू यांचं जॅकेट असेल तर आतला कुर्ता एकरंगी आणि शांत. जरीचा काठ प्रकाशात भडकतो, म्हणून अशा जोडाचे फोटो मी मऊ, पसरट प्रकाशात काढतो. तुमच्याकडे असं जॅकेट आहे हे आधी सांगितलंत तर दिवे त्या हिशेबाने लावता येतात.

फेटा किंवा पगडी तुमच्या कामाशी निगडित असेल तरच. ढोल-ताशा पथकाच्या प्रमुखाचा फेटा त्याच्या कामाचा आहे, तोच फेटा सॉफ्टवेअर सल्लागाराच्या वेबसाइटवर अनाठायी वाटतो. फेटा बांधणारा सोबत आणा, कारण तयार फेटे कपाळावर बरोबर बसत नाहीत आणि क्लोजअपमध्ये ते दिसतं.

कपाळाचा टिळा, तुळशीची माळ, मनगटावरचा गंडा, बोटातल्या अंगठ्या काढायच्या का?

रोज असेल तर राहू द्या. ज्याच्या गळ्यात वर्षानुवर्षं तुळशीची माळ आहे, तिच्याशिवाय तो स्वतःलाच अनोळखी वाटेल. फक्त ती स्वच्छ असू द्या आणि ठेवायची तर सगळ्या फोटोंत ठेवा. काही फोटोंत आहे, काहींत नाही, असं झालं की वेबसाइटवर ते खटकतं. मनगटावरचे विटलेले, दोरे सुटलेले जुने धागे मात्र बदलून घ्या. ऑफिसचं ओळखपत्र, फिटनेस बँडचा रबरी पट्टा आणि शर्टाच्या खिशातलं पेन काढून ठेवा. पँटचे खिसेही रिकामे करा. मोबाइलचा आयत मांडीवर उठून दिसतो.

पोट सुटलंय. ते लपेल असं काय घालू?

सैल कपड्यांनी पोट लपत नाही, उलट माणूस सगळीकडूनच तेवढा रुंद आहे असं वाटतं. घट्ट कपड्यांनी बटणं ताणली जातात. मधोमध बसणारा, खांद्यात अचूक आणि पोटावर दोन बोटं सैल असा शर्ट शिवून घ्या. तयार शर्ट छाती-पोटात बसला की खांद्यात मोठा होतो, म्हणून मोठ्या बांध्याच्या माणसांनी शर्ट शिवूनच घ्यावेत असं माझं ठाम मत आहे.

वरचा आणि खालचा कपडा जवळपासच्या गडद रंगांत घेतला तर कमरेपाशी आडवी रेघ पडत नाही. उघडं सोडलेलं जॅकेट समोर दोन उभ्या रेघा तयार करतं आणि मधलाच भाग दिसतो. चमकदार बकलाचा पट्टा टाळा. बाकी कॅमेऱ्याची उंची, शरीराचा कोन, थोडं पुढे झुकून बसणं हे माझं काम आहे. श्वास रोखून पोट आत ओढू नका. त्याने मान आखडते आणि चेहरा त्रासलेला दिसतो.

घाम आणि पावसाचं काय?

ठाण्यात वर्षाचे आठ महिने हाच खरा प्रश्न असतो. घाम सगळ्यात जास्त दिसतो तो मध्यम राखाडी आणि आकाशी सुती कापडावर. काखेतला आणि पाठीचा गडद डाग लांबूनही कळतो. नेव्ही, पांढरा आणि बारीक छापाचं कापड यांवर तो कमी दिसतो. पॉलिस्टर अंगाला चिकटतं, तेव्हा ते टाळा. लिनन थंड राहतं पण पटकन चुरगळतं, म्हणून ते घालून प्रवास करू नका, हँगरवर आणून इथेच घाला.

लोकलने येणार असाल तर गर्दीची वेळ सोडून या. ट्रान्स-हार्बरने वाशी-नेरूळकडून येणाऱ्यांनाही हेच. साधा टी-शर्ट घालून निघा, फोटोचे कपडे कव्हरमध्ये हँगरला लावून हातात घ्या. पिशवीत घडी घालून आणलेल्या कपड्यांना इथे वाफेची इस्त्री करतो, पण कडक खळ घातलेल्या कपड्यांच्या मोडी त्याने निघत नाहीत. म्हणून इस्त्रीवाल्याला खळ घालू नका असं आधीच सांगा. खळीचा शर्ट कोपरात एकदा मोडला की दिवसभर तसाच राहतो.

जून ते सप्टेंबर बाहेरचे फोटो ठरवलेत तर बुटांचा दुसरा जोड, टॉवेल आणि गडद पँट आणा. फिकट चिनोजवर चिखलाचा एक शिंतोडा उडाला की पूर्ण उंचीचे फोटो संपले. ढगाळ दिवसाला मात्र घाबरू नका. आभाळ भरून आलं की प्रकाश मऊ होतो, डोळ्यांखाली सावल्या पडत नाहीत आणि पावसाने धुतलेल्या झाडांचा हिरवा रंग गडद दिसतो.

तलावपाळी, उपवन, येऊर अशा ठिकाणी काढायचे असतील तर?

जागा आधी ठरवा, कपडे नंतर.

तलावपाळीला मासुंदा तलावाचं पाणी आकाशाचा उजेड परत फेकतं, मागची बाजू फिकट, चकाकती असते. तिथे गडद किंवा भरलेला रंग उठतो आणि फिकट निळा हरवतो. सकाळी लवकर गेलात तर गर्दीही नसते. उपवनला पाणी आणि मागे डोंगर, दोन्ही मिळतात. तिथे मोहरी, विटकरी, मोतिया छान दिसतात.

येऊरला हिरवं घालून जाऊ नका. झाडांत माणूस मिसळतो, आणि पानांतून झिरपणारा प्रकाश आधीच हिरवट असतो. मातकट, तपकिरी, नेव्ही घ्या. पूर्ण बाह्या आणि पूर्ण पँट डासांसाठीही बऱ्या. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत येतं, तेव्हा दिवे आणि स्टँड घेऊन आत जायचं तर वनखात्याची परवानगी आधी काढावी लागते.

नौपाड्यातल्या जुन्या चाळींचे जिने, लाकडी कठडे, उडालेला निळा-हिरवा ऑइलपेंट, यांच्यापुढे साधा मोतिया कुर्ता किंवा डेनिम शर्ट फार बोलका दिसतो. रहिवाशांना विचारल्याशिवाय मात्र कॅमेरा उघडायचा नाही.

वेळेचा हिशेब: डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या. मावळतीच्या आधीचा तास सोनेरी असतो आणि त्या प्रकाशात पांढरा शर्ट पिवळसर होतो. नेमका पांढराच हवा असेल तर सकाळ घ्या.

मी वकील आहे. काळा कोट आणि बँड घालून फोटो काढावा का?

बँड (गळ्याला लावायची पांढरी पट्टी) आणि गाऊन नकोत. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार ठरावीक समारंभ सोडले तर वकिलांनी ते न्यायालयाबाहेर सार्वजनिक ठिकाणी घालायचे नसतात. त्याच नियमांतला ३६ वा नियम प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष जाहिरातीला मनाई करतो. म्हणून फोटो कशासाठी हवा ते आधी ठरवा. लेख, व्याख्यान, पुस्तक यांसाठी असेल तर राखाडी किंवा नेव्ही सूट, पांढरा शर्ट, गडद टाय पुरे. सीएंच्या संस्थेचेही जाहिरातीबाबत नियम आहेत, तेव्हा त्यांनीही आधी तपासून घ्यावं.

डॉक्टर, क्लासचालक, इस्टेट एजंट यांच्यासाठी काही वेगळं?

डॉक्टरांनी एप्रन आणावा, पण नवा किंवा ताजा धुतलेला. खिशावरच्या शाईचे डाग क्लोजअपमध्ये लपत नाहीत. स्टेथोस्कोप रोज वापरत असाल तरच गळ्यात ठेवा. त्वचारोगतज्ज्ञाला किंवा मानसोपचारतज्ज्ञाला साधा शर्टच अधिक विश्वासाचा वाटतो.

क्लासचालकांचा फोटो शेवटी फ्लेक्सवर जातो. तिथे मागची पार्श्वभूमी कापून टाकतात आणि माणूस पिवळ्या-लाल रंगावर चिकटवतात. म्हणून कपड्याची कडा स्वच्छ हवी. उपरणं, लोंबते धागे, लोकरी स्वेटर यांची कडा कापताना दातेरी होते. फ्लेक्स कोणत्या रंगाचा असणार हे डिझायनरला आधी विचारा आणि त्याच रंगाचा शर्ट टाळा. एक जोड खडूचा फळा किंवा व्हाइटबोर्डसमोर शिकवतानाचा ठेवा, बाह्या कोपरापर्यंत दुमडून. पालकांना बॅनरवरच्या नावापेक्षा तो फोटो जास्त सांगतो.

इस्टेट एजंटांनी गडद चष्मा आणि जाड सोन्याची साखळी यांचा मोह आवरावा. घर घेणारा माणूस आयुष्याची पुंजी घेऊन येतो, त्याला शांत चेहरा हवा असतो. आकाशी शर्ट आणि नेव्ही पँट पुरेशी आहे.

कंपनीचा लोगो असलेला टी-शर्ट?

एका जोडात चालेल. लोगो छातीवर डावीकडे, तळहाताच्या निम्म्यापेक्षा लहान, भरतकामाचा. छापलेला लोगो धुऊन तडकतो. दुसऱ्या कुठल्याही ब्रँडचं नाव अंगावर नको.

चष्मा काढू का?

रोज लावत असाल तर लावूनच या, लोक तुम्हाला तसेच ओळखतात. काचा आदल्या दिवशी पुसून घ्या. काचेवर प्रतिबिंबरोधक थर असेल तर दिव्यांची चमक बरीच कमी होते. उन्हात आपोआप गडद होणाऱ्या काचा असतील तर जुना साधा चष्मा सोबत आणा, कारण बाहेरच्या फोटोंत डोळेच दिसत नाहीत.

दाढी, केस?

केस चार-पाच दिवस आधी कापा, आदल्या दिवशी नको. कलप किंवा मेंदी लावत असाल तर तीही तेवढीच आधी, म्हणजे कपाळावर डाग राहत नाहीत. दाढी सकाळी करा, पण नव्या ब्लेडचा प्रयोग त्या दिवशी करू नका.

बूट, मोजे, पट्टा?

पट्टा आणि बूट एकाच रंगाच्या जवळपास. मोजे पँटच्या रंगाचे आणि पोटरीपर्यंत, म्हणजे बसल्यावर केसाळ पाय दिसत नाहीत. पांढरे मोजे फक्त स्पोर्ट्स शूजवर. बुटांचे तळवेही पुसा, पायावर पाय टाकून बसलात की ते कॅमेऱ्यासमोर येतात. कोल्हापुरी चप्पल कुर्त्यावर उत्तम, पण नखं कापलेली आणि टाचा स्वच्छ हव्यात.

कपड्यांचे फोटो आधी पाठवले तर बघाल का?

नक्की पाठवा, निदान तीन दिवस आधी, म्हणजे शिंप्याकडे जायला वेळ राहील. पलंगावर पसरून काढू नका, अंगात घालून काढा. सकाळच्या वेळी, खिडकीशेजारी, ट्यूबलाइट बंद करून. ट्यूबलाइटखाली नेव्ही काळा दिसतो आणि मोतिया पांढरा, मग मला रंग कळत नाही. मोबाइलचं ब्यूटी फिल्टर बंद ठेवा. समोरून एक, बाजूने एक, खुर्चीत बसून एक, एवढे प्रत्येक जोडाचे पुरेत. सोबत फोटो कुठे वापरणार तेही लिहा: वेबसाइट, लिंक्डइन, फ्लेक्स, पुस्तकाचं मलपृष्ठ. वेबसाइटचे रंग ठरलेले असतील तर तिची लिंकही पाठवा.